४२९४९६७२९७ : या एकाच संख्येबद्दलचा धागा

बाकी_शून्य:
बरेच दिवस डोक्यात होतं, आज लिहायला बसलो. संख्या आहे ४२९४९६७२९७, म्हणजे ४ अब्ज २९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९७. नुसती बघितली तर काही जाणवत नाही, शेवटी ७ आहे, अंकांची बेरीज ५९ म्हणजे ३ ने जात नाही, ७ ने भागली तर बाकी ५, ११ ने भागली तरी ५, १३ ने १०, असं करत करत माणूस दमून म्हणेल की ही मूळ संख्याच असणार. आणि नेमकं हेच पिएर द फर्मा हा फ्रेंच गणिती म्हणाला होता!

ही संख्या म्हणजे २^३२ + १. फर्माने १६४० मधे पत्रात एक माळ मांडली, २ चा घात १, २, ४, ८, १६, ३२ असा दुप्पट करत न्यायचा आणि दरवेळी १ मिळवायचा. येतात ३, ५, १७, २५७, ६५५३७ आणि मग ही आपली. पहिल्या पाचही मूळ. फर्माचं म्हणणं की माळ कितीही लांबवा, प्रत्येक मणी मूळच निघणार, सिद्धता हाती नाही पण खात्री आहे. (खाली मी त्यांना फ०, फ१ असं म्हणतो, म्हणजे ३ ही फ० आणि आपली ती फ५.) पुढे १७२९ च्या डिसेंबरात गोल्डबाख या गणितीने ऑयलर या दुसऱ्या गणितीला पत्रातून विचारलं की फर्माचं हे म्हणणं तुला माहीत आहे का, आणि १७३२ मधे ऑयलरने दाखवलं की

४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७

सगळीकडे गोष्ट इथंच संपवतात, एक मोठा माणूस चुकला, दुसऱ्याने चूक दाखवली, झालं. मला हे अर्धवट वाटतं. संख्या स्वतः काय आहे ते कुणी बघतच नाही. पहिल्या पाच मूळ संख्यांपेक्षा ही सहावी, जी फुटते ती, जास्त श्रीमंत आहे असं माझं पक्कं मत झालंय, गेले काही आठवडे वही-पेन घेऊन हिच्याशीच बसतोय. ज्याला जे माहीत असेल ते इथे टाका, फक्त शक्यतो हाताने करून बघता येईल असं.

दशमान:
आधी गुणाकार करून घेतला, त्याशिवाय पुढे वाचवत नाही. ६७००४१७ × ६०० = ४०२०२५०२००, × ४० = २६८०१६६८०, × १ = ६७००४१७, तिन्हींची बेरीज बरोब्बर ४२९४९६७२९७. पण एक कळलं नाही, ६४१ हा मूळ संख्यांच्या यादीत ११६ वा येतो, मग ऑयलरने २, ३, ५ पासून सुरू करून ११५ भागाकार वाया घालवले का? दहा अंकी संख्येचे?

बाकी_शून्य:
नाही हो, तेवढे लागतच नाहीत, आणि इथूनच खरी मजा सुरू होते. समजा प नावाची एखादी मूळ संख्या फ५ ला भागते. म्हणजे २^३२ ला प ने भागलं की बाकी "उणे १" राहते (भाग जायला १ कमी पडतो, म्हणजे बाकी प - १). वर्ग केला की २^६४ ची बाकी १. आता २ चे घात एकेक करून वाढवत गेलात आणि प्रत्येकाची प ने भागून बाकी लिहीत गेलात तर त्या बाक्या ठरावीक अंतराने परत फिरून येतात, आणि आपल्या या केसमधे ते चक्र नेमकं ६४ चं आहे, कारण ६४ ला १ येतो आणि ३२ ला १ येत नाही तर उणे १ येतो. फर्माचंच छोटं प्रमेय सांगतं की चक्राची लांबी प - १ ला भागते. म्हणून प - १ हा ६४ च्या पाढ्यात असायलाच हवा.

मग उमेदवार उरतात फक्त ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१... यातल्या मूळ नसलेल्या काढून टाका, राहतात १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. मी पाचही करून बघितले, १९३ ने बाकी १०९, २५७ ने २, ४४९ ने ३२५, ५७७ ने २८८, आणि ६४१ ने शून्य. पाचव्या भागाकाराला संख्या उघडते! ऑयलरने नंतरच्या एका लेखात ही ६४ ची अट सिद्ध करून ठेवली आहे.

एक युक्ती सांगतो, दहा अंकी भागाकार करायचाच नाही. आधी ६५५३६ ला ६४१ ने भागा, बाकी १५४. १५४ चा वर्ग २३७१६, त्याला परत ६४१ ने भागा, बाकी ६४०. त्यात १ मिळवला की ६४१, गेला भाग. हा १५४ लक्षात ठेवा.

निरंजना:
धागा फार आवडला. ६४१ चं मला माहीत असलेलं सगळ्यात देखणं रूप टाकते, यात भागाकार एकदाही नाही.

६४१ = ५ × १२८ + १ = ५ × २^७ + १
६४१ = ६२५ + १६ = ५^४ + २^४

पहिल्या ओळीवरून, ६४१ च्या हिशोबात (म्हणजे ६४१ ने भागून फक्त बाकी बघितली तर) ५ × २^७ म्हणजे उणे १. दोन्हींचा चौथा घात घ्या, ५^४ × २^२८ म्हणजे १. दुसऱ्या ओळीवरून ५^४ म्हणजे उणे २^४. तो तिथे ठेवला की उणे २^३२ = १, म्हणजेच २^३२ + १ ला ६४१ ने भाग जातो. संपलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कागदावर तीन वेळा लिहून काढलं होतं, कारण विश्वासच बसत नव्हता की दहा अंकी संख्या चार ओळींत फुटते आणि एकही मोठा आकडा लिहावा लागत नाही.

कोडवाला:
आमच्याकडून या संख्येची ओळख वेगळी आहे. द्विमान पद्धतीत ही १, मग ३१ शून्यं, मग १. एकूण ३३ अंक, फक्त दोन एक. म्हणजे ३२ बिटांच्या डब्यात ही मावत नाही, मावेल त्यापेक्षा नेमकी दोनने मोठी आहे (सगळ्यात मोठी मावणारी ४२९४९६७२९५), आणि जबरदस्तीने भरली तर वरचा बिट गळून नुसता १ शिल्लक राहतो. आयपीव्ही४ चे (इंटरनेटवरच्या यंत्रांना पत्ते द्यायची ३२ बिटांची पद्धत) एकूण पत्ते ४२९४९६७२९६, त्याच्या पुढची संख्या ही.

पण मला सांगायचंय ते दुसरंच. एकदा मी मूळ संख्या ओळखायचा छोटा प्रोग्राम लिहिला होता, नेहमीची कसोटी, तपासायची संख्या न, तर २ चा (न - १) वा घात करायचा, न ने भागायचा, बाकी १ आली तर "बहुतेक मूळ" म्हणायचं. ही संख्या दिली आणि त्याने बहुतेक मूळ म्हणून सांगितलं. तास दीड तास मी प्रोग्राममधली चूक शोधत होतो. चूक नव्हतीच! बाकी खरंच १ येते. वर धागाकर्त्यांनी लिहिलंय तेच कारण, २^६४ ची बाकी १ आणि न - १ म्हणजे २^३२, जो ६४ च्या पाढ्यात बसतो, ६४ × ६७१०८८६४. त्यामुळे २ ला विचारलं तर २ कायम हीच साक्ष देणार की संख्या मूळ आहे. २ च्या घातांपासून बनलेल्या संख्येबद्दल २ लाच विचारायचं नसतं एवढं त्या दिवशी शिकलो.

३ ला विचारा, लगेच खरं कळतं. १८७७ ची पेपँची कसोटी आहे, फ५ मूळ असती तर ३^(२^३१) ची बाकी उणे १ म्हणजे ४२९४९६७२९६ यायला हवी होती. येते १०३२४३०३. याचा परत वर्ग करून बाकी काढली तर १ सुद्धा येत नाही, ३०२९०२६१६० येते. ६४१ चं नाव न घेता संख्या संयुक्त ठरली.

दशमान:
कोडवाला, हे वाचून एक विचार आला, फर्माने हीच २ ची कसोटी लावली असेल आणि फसला असेल का? त्या काळी उलट बाजू तपासायची पद्धत कुठे होती.

बाकी_शून्य:
तसा अंदाज करता येतो, पण मला दुसरी गोष्ट जास्त टोचते. त्याच १६४० सालात फर्माने २^३७ - १ ही संख्या २२३ ने जाते हे शोधून काढलं होतं, आणि तेही असंच, आधी अवयव कोणत्या पाढ्यात + १ असायला हवेत ते ठरवून (तिथे ७४ चा पाढा, ७४ × ३ + १ = २२३). म्हणजे हत्यार त्याच्या हातात होतं. तेच हत्यार फ५ वर चालवलं असतं तर पाच भागाकारांत निकाल लागला असता. आकडेमोडीला भिणारा माणूस नव्हता तो. मी जितक्या वेळा ते पाच भागाकार करतो तितक्या वेळा वाटतं की कदाचित कुठेतरी त्याने केलेही असतील आणि ६४१ पाशी एखादा हातचा चुकला असेल. हा निव्वळ माझा अंदाज हां.

मुक्तछंदा:
६४१ वरून आठवलं, झेरा कोलबर्न नावाचा अमेरिकन मुलगा होता, जन्म १८०४, तोंडी हिशोबासाठी त्याला लंडनला नेलं होतं. आठ वर्षांचा असताना त्याला हीच संख्या दिली आणि त्याने मनातल्या मनात ६४१ सांगितला.

दशमान:
_/\_

जुनी_वही:
मी या संख्येकडे वर्गांच्या बाजूने आलो. थोडं लांब लिहितोय, वाचा मात्र सावकाश, कारण मला यातून जे सापडलं ते मी कितीदा तरी परत करून बघितलंय.

फ५ ही दोन वर्गांची बेरीज आहे हे उघडच आहे, ६५५३६^२ + १^२. आता ऑयलरचं म्हणणं असं की एखादी विषम संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिता आली तर ती मूळ असूच शकत नाही. मूळ संख्येला तशी एकच तऱ्हा असते. आणि फ५ ला दुसरी तऱ्हा आहे:

४२९४९६७२९७ = ६२२६४^२ + २०४४९^२

करून बघा, ६२२६४ चा वर्ग ३८७६८०५६९६, २०४४९ चा वर्ग ४१८१६१६०१, बेरीज बरोबर. म्हणजे एकाही भागाकाराशिवाय कळलं की ही मूळ नाही. पण नुसतं कळून थांबत नाही, या दोन तऱ्हांमधून अवयव अक्षरशः बाहेर ओढता येतात. पहिल्या दोन मोठ्या संख्यांची वजाबाकी ६५५३६ - ६२२६४ = ३२७२, बेरीज १२७८००. लहान दोघांची वजाबाकी २०४४९ - १ = २०४४८, बेरीज २०४५०. आता ३२७२ आणि २०४४८ यांचा मसावि काढा, ८ येतो. १२७८०० आणि २०४५० यांचा मसावि ५०. दोघांचे अर्धे ४ आणि २५. त्यांच्या वर्गांची बेरीज १६ + ६२५ = ६४१!!

निरंजनाताई, तुमचं ६२५ + १६ इथे परत आलं.

दुसरा अवयवही तिथेच आहे. ३२७२ ला ८ ने भागलं की ४०९, २०४४८ ला ८ ने भागलं की २५५६, आणि ४०९^२ + २५५६^२ = १६७२८१ + ६५३३१३६ = ६७००४१७. शाळेतला मसावि, अजून काहीही नाही.

आता हेच उलट चालवा. ब्रह्मगुप्ताची 'भावना' नावाची गुणाकाराची रीत माहीत असेल, सन ६२८ च्या ब्राह्मस्फुटसिद्धान्तात जी आहे, त्यातून निघणारं की दोन वर्गांच्या बेरजेला दोन वर्गांच्या बेरजेने गुणलं तर उत्तरही दोन वर्गांची बेरीजच येतं, आणि दोन तऱ्हांनी येतं. (२५^२ + ४^२) ला (२५५६^२ + ४०९^२) ने गुणायचं.

२५ × २५५६ = ६३९००
४ × ४०९ = १६३६
२५ × ४०९ = १०२२५
४ × २५५६ = १०२२४

६३९०० + १६३६ = ६५५३६. आणि १०२२५ - १०२२४ = १. ही पहिली तऱ्हा. ६३९०० - १६३६ = ६२२६४, १०२२५ + १०२२४ = २०४४९. ही दुसरी. १०२२५ आणि १०२२४ हे शेजारी शेजारी येऊन बसलेत म्हणून तो १ तयार होतो, आणि तो १ म्हणजेच फर्माच्या माळेतला "+ १". मी त्या दिवशी वही मिटून बराच वेळ नुसता बसून होतो.

बाकी_शून्य:
जुनी_वही, याच्यासाठीच धागा काढला होता. १०२२५ आणि १०२२४ शेजारी आहेत हे मी इतक्या वेळा हाताळूनही कधी बघितलं नव्हतं.

दशमान:
हे सगळं आत्ता करून बघितलं, चारही गुणाकार. अप्रतिम. वर्गांचंच चाललंय तर फर्माची स्वतःची अवयव पाडायची रीत आहे, संख्या दोन वर्गांची वजाबाकी म्हणून लिहायची. फ५ साठी ती आहे ३३५०५२९^२ - ३३४९८८८^२. पण तिथवर पोचायला ६५५३७ पासून एकेक वर चढत जायचं आणि दरवेळी उरलेला पूर्ण वर्ग आहे का बघायचं, म्हणजे सुमारे ३२ लाख ८५ हजार पायऱ्या. दोन अवयव एकमेकांजवळ असले की ती रीत झटपट चालते, इथे एक तीन अंकी आणि एक सात अंकी, त्यामुळे तिचा काही उपयोग नाही. वजाबाकीने ३२ लाख पायऱ्या आणि बेरजेने दोन मसावि, एवढा फरक!

प्रतीक_चिन्ह:
धागा छान आहे पण थोडं वेगळं मत मांडतो. फ५ ला एवढं डोक्यावर घ्यायचं कारण काय? पुढच्या सगळ्याच फर्मा संख्या संयुक्त आहेत, ही फक्त पहिली संयुक्त, एवढंच.

बाकी_शून्य:
"सगळ्याच" हे सिद्ध झालेलं नाही. फ५ पासून फ३२ पर्यंतच्या संयुक्त आहेत हे माहीत आहे. फ३३ चा निकाल लागलेला नाही, ती २५८ कोटींहून जास्त अंकांची संख्या आहे. पाचांच्या पुढे एकही मूळ सापडलेली नाही हे खरं, पण सापडलेली नाही आणि नाहीच यात फरक आहे.

आणि पुढच्या मण्यांशी तुलना करून बघा म्हणजे फ५ चं मोल कळेल. ल्यूकाने १८७८ मधे ६४ ची अट १२८ पर्यंत नेली, फ५ चे अवयव १२८ च्या पाढ्यात + १ असेच असतात. कारण सांगतो, तेही गोड आहे. २^२४ - २^८ म्हणजे १६७७६९६० घ्या. याचा वर्ग = २^४८ - २ × २^३२ + २^१६. पहिला आणि शेवटचा एकत्र केले तर २^१६ × (२^३२ + १), तो फ५ ने पूर्ण जातो. उरतं उणे २ × २^३२, आणि २^३२ म्हणजे उणे १, म्हणून उरले २. म्हणजे १६७७६९६० चा वर्ग फ५ ने भागला की बाकी २! २ ला स्वतःचं "वर्गमूळ" मिळालं, आणि २ चं चक्र ६४ चं म्हणून या वर्गमूळाचं १२८ चं. आता उमेदवार १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. यात मूळ फक्त २५७ आणि ६४१, त्यातला २५७ हा माळेतलाच मणी, तो बाद कसा होतो ते मुक्तछंदा सांगतील असं वाटतंय. म्हणजे खरं तर पहिल्याच भागाकाराला ६४१.

फ६ = १८४४६७४४०७३७०९५५१६१७ ला हाच नियम लावला तर २५६ चा पाढा, आणि तिथे अवयव येतो २७४१७७ = २५६ × १०७१ + १. पाचव्या पायरीवरून एकदम १०७१ व्या पायरीवर! लँड्रीने ते अवयव १८८० मधे प्रसिद्ध केले, तेव्हा तो ऐंशी पार केलेला होता. दुसरा अवयव ६७२८०४२१३१०७२१. फ७ फुटायला १९७० साल उजाडलं, ३९ अंकी संख्या, मॉरिसन आणि ब्रिलहार्टने यंत्रावर फोडली. फ२० आणि फ२४ तर अशा आहेत की संयुक्त हे नक्की पण एकही अवयव कुणाच्या हाती नाही. माळेतली माणसाच्या हातात मावणारी संयुक्त संख्या ही एकच. म्हणून डोक्यावर घेतो.

प्रतीक_चिन्ह:
मान्य. फ२० बद्दल माहीत नव्हतं, संयुक्त आहे हे माहीत आणि अवयव एकही नाही हे वाचून थांबलोच.

मुक्तछंदा:
हो, सांगते. पहिले पाच मणी एकमेकांना गुणा, ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ = ४२९४९६७२९५, म्हणजे बरोबर फ५ उणे २. कोडवालांच्या ३२ बिटांच्या डब्यातली सगळ्यात मोठी संख्या तीच. म्हणून आधीच्या कुठल्याही मण्याने फ५ ला भागलं तर बाकी २ च येणार, ३ ने, ५ ने, १७ ने, सगळ्यांनी. वर २५७ ने बाकी २ आली आहेच. माळेतल्या कुठल्याही दोघींचा समाईक अवयव नसतो, आणि माळ संपत नाही, म्हणून मूळ संख्या अनंत आहेत, ही सिद्धता याच माळेतून फुकट मिळते. अजून एक बारीक गोष्ट, विषम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज व्हायची तर त्यातली एक २ च हवी, आणि फ५ मधून २ काढले तर वरचा गुणाकार उरतो, म्हणून फ५ दोन मूळ संख्यांची बेरीज होऊच शकत नाही.

पण मला खरं लिहायचंय ते मेरुप्रस्तारावर (पास्कलचा त्रिकोण, टोकांना १ आणि मधे प्रत्येक जागी वरच्या दोन शेजाऱ्यांची बेरीज). त्यात विषम आकड्याच्या जागी १ आणि सम आकड्याच्या जागी ० लिहा, आणि प्रत्येक ओळ द्विमान संख्या म्हणून वाचा. येतं १, ३, ५, १५, १७, ५१, ८५, २५५, २५७... यातला पहिला १ सोडला तर पुढच्या ३१ ओळी म्हणजे पट्टी आणि कंपासने काढता येणाऱ्या विषम बाजूंच्या सुसम बहुभुजांची, आपल्याला माहीत असलेली, पूर्ण यादी! गाउसने १७९६ मधे १७ बाजूंचा काढता येतो हे दाखवलं, १९ वर्षांचाही नव्हता तेव्हा, आणि वाँत्सेलने १८३७ मधे उलट बाजू पक्की केली की बाजू विषम असतील तर त्या वेगवेगळ्या फर्मा मूळ संख्यांचा गुणाकारच असायला हव्यात. पाच मूळ संख्यांतून असे ३१ गुणाकार निघतात. शेवटच्या ओळीत ३२ एक सलग येतात, ४२९४९६७२९५ बाजूंचा बहुभुज.

आणि त्याच्या पुढची ओळ? १, मग ३१ शून्यं, मग १. आपली फ५. त्रिकोण आपला पुढे तसाच चालत राहतो, बहुभुजांची यादी मात्र तिथे तुटते. एका ओळीआधीपर्यंत दोघं पायाला पाय लावून चालत होते. ही ओळ मी चौकटीच्या कागदावर रंगवून काढली आहे, सगळ्या काळ्या चौकटींची ओळ आणि तिच्या खाली दोन टोकांना दोनच काळ्या. बघितलं की कळतं.

निरंजना:
मुक्तछंदा, ते रंगवायला मी पण बसणार आहे आता.

दशमान:
माझा एक हिशोब राहिला होता तो पूर्ण करून आलो. सगळे ६४१ बद्दल बोलतायत, पण ६७००४१७ मूळ आहे हे कशावरून? याचे अवयव असलेच तर ते फ५ चेही अवयव, म्हणजे त्यांनाही १२८ चा पाढा + १ लागू. वर्गमूळ साधारण २५८८, तिथपर्यंत २० उमेदवार. त्यातले मूळ फक्त पाच, २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. बाक्या अनुक्रमे १७०, ४४, १२०, ३३४, ६२२. एकही शून्य नाही, म्हणून ६७००४१७ मूळ. सात अंकी संख्या पाच भागाकारांत मूळ ठरली, एरवी ३०० हून जास्त लागले असते.

आणि ६४१ चा अजून एक, १ ला ६४१ ने भागत बसलो होतो. दशांश येतो ०.००१५६००६२४०२४९६०९९८४३९९३७५९७५०३९ आणि मग परत पहिल्यापासून. ३२ अंकांचं आवर्तन. त्याचे १६-१६ चे दोन भाग करा, ००१५६००६२४०२४९६० आणि ९९८४३९९३७५९७५०३९, एकाखाली एक लिहून बेरीज करा, सोळाच्या सोळा ९ येतात. म्हणजे १०^१६ + १ लाही ६४१ ने भाग जातो. २ च्या घाताला आणि १० च्या घाताला दोन्हीकडे हाच कसा काय?

निरंजना:
दशमान, हे ६२५ + १६ चंच काम आहे. ६४१ च्या हिशोबात ५^४ म्हणजे उणे २^४. वर्ग केला की उणे गेलं, ५^८ म्हणजे २^८. आता १०^८ = २^८ × ५^८, तो झाला २^१६. म्हणजे ६४१ च्या दृष्टीने १० कोटी आणि ६५५३६ एकच आहेत, दोन्हींची बाकी १५४, जो धागाकर्त्यांनी लक्षात ठेवायला सांगितला होता. मग त्याचा वर्ग केला की इकडे १०^१६, तिकडे २^३२, आणि दोन्ही उणे १.

बाकी_शून्य:
हे लिहिलंत आणि मी लगेच १०^१६ + १ चे सगळे अवयव काढायला बसलो. ३५३ × ४४९ × ६४१ × १४०९ × ६९८५७. ४४९ बघा, फ५ ला लावून बघितला होता, बाकी ३२५ आली म्हणून सोडून दिला. १४०९ दशमाननी ६७००४१७ ला लावला, बाकी ६२२, तोही सोडून दिला. इथे दोघंही ६४१ च्या दोन बाजूंना बसलेत.